बुजगावण्याच्या अंगावरचा सदरा

शाळेच्या इतिहासात कापडाचे दोनच धडे असतात. एक ढाक्याच्या मलमलीचा, अंगठीतून पार होणाऱ्या. दुसरा चरख्याचा आणि परदेशी कापडाच्या होळीचा. मी नववीत शाळा सोडली. पुढच्या इयत्तांत तिसरा धडा असेल असं मला बरीच वर्षं वाटायचं. नंतर रद्दीच्या गाडीवरून, वाचनालयातून, दोस्तांच्या पिशवीतून मिळेल ते वाचत गेलो. तिसरा धडा शाळेच्या कुठल्याच पुस्तकात नाही. तो आहे उतरणीचा.

उतरण म्हणजे दुसऱ्यानं अंगावरून उतरवलेलं कापड. ते कोणाच्या अंगावरून उतरलं, कोणाच्या अंगावर चढलं, आणि चढताना मधे कोणता कायदा उभा होता, हा इतिहास आहे. राजांच्या लढायांइतकाच खरा. मी तो आमच्या झाडीपट्टीतल्या एका अगदी साध्या वस्तूपासून सांगतो. ती वस्तू म्हणजे बुजगावणं.

गोंदिया जिल्हा धानाचा. आमगाव, सालेकसा, देवरी, गोरेगाव, तिरोडा, अर्जुनी, कुठंही जा, बांध्याच बांध्या. धान पोटरीवर आला की पाखरं येतात, आणि जंगलाला लागून शेत असेल तर रात्री डुक्करं. मग बाया बुजगावणं करतात. बाया म्हणतो, कारण आमच्याकडं मी तरी पुरुषाला हे काम करताना फार पाहिलं नाही. पुरुष दोन बांबू आडवे-उभे बांधून मोकळा होतो. अंग भरायचं काम बाईचं. तनस कोंबायची, फुटकं मडकं उलटं घालून डोकं करायचं, चुन्यानं डोळे काढायचे, आणि घरधन्याचा जुना सदरा चढवायचा. सदरा धुवायचा नाही. घामाचा वास गेला तर डुकराला माणूस वाटत नाही, असं म्हाताऱ्या सांगतात. नवरा नागपूरला किंवा हैदराबादला कामाला गेलेला असतो, आणि त्याचा सदरा घालून एक तनशीचा माणूस धुऱ्यावर उभा राहतो. बाई जाता-येता त्याची कॉलर सारखी करते. हसू नका, मी पाहिलं आहे.

जुने कपडे घातलेला पुतळा आमच्या विदर्भात नवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात, कागदाबांबूचे, वरून कोणाचे तरी टाकलेले कपडे चढवलेले. रोगराई, खोकला, महागाई, सगळं त्यांच्यावर लादायचं, वाजतगाजत न्यायचं आणि जाळायचं. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसल्यांची बांकाबाई, असं लोक सांगतात. म्हणजे गावाची पीडा अंगावर घेणारा आणि गावाचे जुने कपडे घालणारा एक बाहेरचा कोणीतरी गावाला लागतोच.

आता मनुस्मृती काढा. बाबासाहेबांनी जाळली म्हणून वाचायची नाही असं नाही. जाळणाऱ्यानं आधी वाचलेली होती. दहाव्या अध्यायात एक्कावन्न-बावन्नच्या श्लोकांत चांडाळ आणि श्वपच यांच्यासाठी हुकूम आहेत. राहणं गावाबाहेर. अंगावर मेलेल्यांचे कपडे. जेवण फुटक्या भांड्यात. दागिने लोखंडाचे. पुढं त्याच अध्यायात एकशेपंचविसाव्या श्लोकात शूद्राला काय द्यावं ते सांगितलं आहे : उष्टं अन्न, जुने कपडे, धान्यातले पोचट दाणे, घरातलं जुनं सामान.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी भाताच्या गिरणीत रात्रपाळीला होतो. पंखा पोचट धान वेगळा उडवत होता. मी मनात मोजत गेलो. गावाबाहेर उभा. मेलेल्याचा सदरा. फुटकं मडकं. तनस आणि पोचट. अरे, हे तर बुजगावणं! त्या पंडितानं माणसाचा कायदा लिहिलाच नाही, त्यानं बुजगावणं करायची रीत लिहिली आणि आम्हाला त्यात उभं केलं.

आणि कामही तेच दिलं. महाराचं गावातलं काम काय होतं? शिव राखायची. हद्दीची भांडणं सोडवताना साक्ष द्यायची. चोर आला तर माग काढायचा. मध्य प्रांतात कोतवाल म्हणून मालगुजाराच्या दारात उभं राहायचं. पीक दुसऱ्याचं, राखणारा आमचा. पाखरं बुजगावण्याला भितात, गाव मात्र आमच्या सावलीला भ्यायचं, एवढाच फरक. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. १९५१ पासून मालगुजार नुसता पाटीलसाहेब झाला. कपड्यांचं गाठोडं मात्र बरीच वर्षं त्याच दारातून येत राहिलं.

मढ्यावरचं कापड हा बलुत्यातला हक्क होता. हक्क हा शब्द बघा. भिकेला हक्क म्हणायचं म्हणजे घेणाऱ्याची मान ताठ राहते आणि देणाऱ्याचा खर्च वाचतो. माझी आजी सांगायची, तिच्या सासूची एक चोळी अशी होती की तिला उन्हाळ्यात घाम आला की कापराचा वास यायचा. चितेवर ठेवण्याआधी उतरवलेल्या शेल्याची चोळी. सासूला वास यायचा नाही. सवय. आजीला यायचा. एका पिढीत नाक बदललं. ते कशानं बदललं हे पुढं सांगतो.

त्याआधी एक गोष्ट, जी माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात मोठी थट्टा आहे. आमच्या नागपूर-भंडारा भागातले महार विणकर होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातींवरच्या ग्रंथात स्पष्ट नोंद आहे. बारीक आणि रेशमी काम कोष्ट्यांचं, जाडंभरडं सुती कापड महारांचं. कुणब्याचं धोतर, मजुराची पासोडी, बैलावरची झूल, हे आमच्या मागावरून उतरायचं. (आपला जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला, तोवर आपण भंडाऱ्यातच होतो, म्हणून भंडारा म्हटलं की आपण आलोच.) म्हणजे गावाला कपडा घालणारा माणूस मेलेल्याचा कपडा घालत होता! नवं कापड मागावरून बाजारात, जुनं कापड मसणातून घरात. असा फेरा कोणत्या देशात फिरला असेल?

मग मिल आली. जमशेटजी टाटांनी नागपूरला १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस मिल. १८८० नंतरच्या दशकात नागपूरहून गोंदियामार्गे राजनांदगावकडं रेल्वे गेली. स्वस्त सूत आणि स्वस्त कापड डब्यात बसून आमच्या बाजारात उतरलं. हातमाग एकेक करत थंड पडले. विणकर घरं रेल्वेच्या गँगवर गेली, बिडीच्या पानांवर बसली, आणि पुष्कळ माणसं त्याच नागपूरच्या मिलमध्ये गेली, जिनं त्यांचा माग बंद पाडला होता.

मुंबईच्या मिलमध्ये तर त्याच्याही पुढची तऱ्हा. तिथं अस्पृश्याला विणाईखात्यात घेत नसत. कारण काय, तर सूत तुटलं की धोट्याच्या भोकातून ते तोंडानं ओढावं लागतं, आणि आमच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? विणाईत पगार जास्त, म्हणून विटाळही जास्त. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला तेव्हा कामगारांची एकी कुठं तुटते ते दिसलं. ती धोट्याच्या भोकात तुटते. त्या धोट्यातून निघालेलं कापड मात्र सगळे घालायचे. कापडाला विटाळ नाही, विणणाऱ्याला आहे.

एम्प्रेस मिल आज नाही. त्या जमिनीवर मॉल झाला. मी एकदा सोबत्यांबरोबर आत गेलो. काचेमागं प्लास्टिकचे पुतळे, बिनडोक्याचे, नवेकोरे कपडे घातलेले. ज्या जागी आमच्या लोकांनी पाळीपाळीनं सूत काढलं, तिथं आता पुतळ्याला नवं आणि झाडू मारणाऱ्या पोराला ठेकेदाराचा ढगळ गणवेश. तो गणवेशही कोणाचा तरी आधीचा होता. खिशावर जुन्या नावाचे टाके उसवलेले दिसत होते.

जगात असं फक्त आपल्याकडं झालं असं समजू नका. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात १७४० साली गुलामांसाठी कायदा झाला. त्यात गुलामानं कोणतं कापड घालावं याची यादीच होती. सगळं जाडंभरडं. एका कापडाचं नावच ‘निग्रो क्लॉथ’. त्याहून बारीक अंगावर दिसलं तर ते हिसकावून घ्यायची मुभा. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा तिचं नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरवरून का घेतलं, हे समजायला हा एक कायदा पुरे आहे. आणि इकडं त्रावणकोरात नाडर बायांनी छाती झाकायची म्हणून कित्येक वर्षं मार खाल्ला. २६ जुलै १८५९ ला राजानं जाहीरनामा काढून परवानगी दिली, पण त्यात मेख होती. जाडं कापड चालेल, सवर्ण बायांसारखं नेसलेलं चालणार नाही. झाका, पण ओळखू या.

ओळखू या, हीच सगळी गोम आहे. थंडीवाऱ्यासाठी कापड नसतं. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (पुस्तक १९८६ चं) महाराच्या बाईनं लुगडं कसं नेसायचं ते आहे. लुगड्याचा काठ निऱ्यांत दडला पाहिजे. काठ दिसला तर गावाचा अपमान. आता सांगा, दोन बोटं रुंदीच्या काठानं कोणाचं काय जात होतं? काहीच नाही. पण लांबून बाई येताना दिसली की तिची जात आधी दिसली पाहिजे, बाई नंतर.

म्हणून महाडला बाबासाहेब कपड्यांवर बोलले. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली हे सगळ्यांना माहीत आहे, ते पोस्टरवर आहे. त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी बायांची वेगळी सभा घेतली हे कमी जण सांगतात. लुगडं नेसायची तुमची रीत ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, म्हणाले. चांदीचे, कथलाचे जाडजूड दागिने टाका. कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ असू द्या. आणि झालं काय, तर दुसऱ्या दिवशी बाया घोळदार, पायापर्यंत लुगडं नेसून आल्या. टिपणीस आणि चित्रे या सुधारक घरांतल्या बायांनी नेसवायला मदत केली. वीस दिवस नाही लागले, एक रात्र लागली. पोथी जळली ती पुरुषांच्या हातानं. पोथीतला बावन्नावा श्लोक बायांनी अंगावरून सोडून टाकला. मला विचाराल तर दुसरं काम जास्त अवघड. पोथी दूर जळते, लुगडं अंगावर असतं आणि तेच नेसून दुसऱ्या दिवशी गावात शिरायचं असतं.

आमच्या नागपुरात जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या. आजीची आई त्यात होती की नव्हती हे घरात आजही भांडणाचं कारण आहे. पण नाक बदललं ते या वर्षांत. महाड ते नागपूर. आजी म्हणायची, ‘‘बाबासाहेबानं सांगतलं आन् मसनातलं कापड बंद झालं. सासू लय रडली. मनली, आता पोराईले घालू का?’’ तिचं रडणंही इतिहासात लिहा. घोषणा देणारे ते लिहीत नाहीत. नकार द्यायला मनगटाबरोबर पेटीत दुसरा कपडाही लागतो, आणि तो नसताना त्यांनी नकार दिला.

१९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे राहिले. आपल्या भागानं, आपल्या मतपेट्यांनी, संविधान लिहिणाऱ्या माणसाला पाडलं. ही लाज कोणाची ते ज्यानं त्यानं ठरवावं. त्यांच्या सुटाबुटावर तेव्हाही लोक बोलायचे, आजही बोलतात. गांधी पंचा नेसले तर महात्मा, आंबेडकर सूट घालतात तर साहेब. अरे, ज्याच्या पेटीत दहा धोतरं आहेत त्यानं नऊ टाकली तर त्याग होतो. ज्याच्या बापजाद्यांना मढ्यावरचं मिळालं, त्यानं स्वतःच्या मापाचा कोट शिवून घेतला तर ते बंड. मापाचा, हा शब्द अधोरेखित करून वाचा. उतरण कधी मापाची नसते.

आणि मग १४ ऑक्टोबर १९५६. धम्मदीक्षेला येताना पांढरी वस्त्रं घालून या, असा निरोप होता. पांढरं. म्हणजे ज्यावर डाग लपत नाही, दुसऱ्याची ओळख लपत नाही. लोकांनी भांडी मोडली, कोंबड्या विकल्या आणि पांढरं लुगडं, पांढरं धोतर घेतलं. नागपूरच्या बाजारात पांढरं कापड पुरलं नाही असं जुनी माणसं सांगतात. बावीस प्रतिज्ञांवर पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्या दिवशीचा नव्या कापडाचा खळीचा वास हवा आहे. लाखो माणसांच्या अंगावर एकाच दिवशी नवं कापड, ज्याचा पहिला मालक तेच. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांचे कोट, टोप्या, टाईपरायटर ठेवले आहेत. नानकचंद रत्तू यांनी सांभाळलेलं, वामनराव गोडबोले यांच्या खटपटीनं तिथं आलेलं. तो कोट बघताना मला सर्वात आधी काय दिसलं, तर खांदा. नेमका त्या एका माणसाच्या मापाचा.

आता आजचं. उतरण संपली असं म्हणणारे शहाणे भेटतात. आठवडी बाजारात जुन्या पॅन्टींचा ढीग असतो, तो सगळ्या जातींची गरीब पोरं उपसतात. तो पैसे देऊन घेतलेला जुना कपडा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कांडल्याला विलायतेतले जुने कपडे जहाजानं येतात, पानिपतला त्यांच्या चिंध्या पिंजून घोंगड्या होतात, तोही धंदा आहे. धंद्यात मान खाली घालावी लागत नाही. उतरण वेगळी. ती दिवाळीला येते, वरून येते, आणि घेताना हसावं लागतं.

मी ज्या भाताच्या गिरणीत आहे तिथं बोनस म्हणून मिठाईचा डबा आणि मालकाच्या घरच्या जुन्या कपड्यांची थैली मिळते. मला आलेल्या थैलीत एक सदरा होता, भारी कापडाचा, कॉलर शाबूत. मी घरी आणला. बायकोनं उलटसुलट पाहिला. म्हणाली, ‘‘हा तुमी घालता का? घाला. मंग मालेबी सेठानीचं लुगडं आना. मी नेसतो आन् दोघंबी सेठाच्या दारात फोटो काढू.’’ मी गप. तिनं सदरा घडी करून मचाणावर टाकला. आम्ही अर्धा एकर बटईनं करतो, नाल्याच्या काठी, डुकराच्या वाटेवर. यंदा भादव्यात धान पोटरीवर आला तेव्हा तिनं तो सदरा काढला आणि बुजगावण्याला चढवला. बटणं लावली. शेठच्या कपड्याला माणसाचा वास नव्हता, अत्तराचा होता, म्हणून गळ्यात माझा घामट दुपट्टा बांधला. दुसऱ्या दिवशी वाटेनं जाणारी बुढी ओरडली, ‘‘आवो, सेठ उभा हाये का जी धुऱ्यावर!’’ सगळ्या रोवणेकरणी आठवडाभर त्याला रामराम घालत होत्या.

एवढ्या मोठ्या इतिहासात ही बारकी गोष्ट. पण तिनं मनूचा श्लोक पुन्हा जिथला तिथं नेऊन ठेवला, बांबूवर. मी इतकी पुस्तकं वाचून हे बघायला शिकलो, ती अंगठा सोडून नुकती सही करायला लागली आहे.

तर कायदा असा. बोनसचा कायदा १९६५ साली झाला. वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के, आणि तोही पैशात. सदऱ्यात नाही. २०१९ च्या वेतन संहितेतही तोच आकडा राहिला. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला पाहिजेत एवढी अट. आमच्या हजेरीबुकात अठरा नावं आहेत. हमाल, बॉयलरवाला, कोंडा झाडणाऱ्या बाया धरल्या तर आम्ही सत्तावीस भरतो. बायांची नावं बुकात कधीच नव्हती, त्यांना ‘रोजाच्या’ म्हणतात, आणि त्यातल्या चौघी नऊ वर्षांपासून रोज येतात.

त्या सत्तावीस नावांची यादी लिहायचं काम माझ्याकडं आलं आहे, कारण माझं अक्षर बरं आहे असं सगळे म्हणतात. एकवीस सह्या झाल्या. दोघं भितात. चौघी बाया म्हणतात, आधी आमच्या नावापुढं आडनाव काय लावणार ते सांग, बापाचं की नवऱ्याचं. त्यावर गेल्या रविवारी बॉयलरमागं बसून दोन तास बोलणं झालं. ते ठरलं की अर्ज जाईल.